उचल घेणारा आणि उचल देणारा

सिद्धगडाचे नाव निघाले की आपल्याला २ जानेवारी १९४३ आठवतो. त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुरबाड-कर्जत भागातल्या शाळांतून ही हकिकत मुलांना सांगतात, आणि सांगायलाच हवी. परंतु भाईंचे आणखी एक काम होते, ते गोळीबाराच्या आवाजाखाली झाकून गेले आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानचे वकील. भूमिगत होण्याआधी त्यांनी या मुलखातल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी काढली होती. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की सावकाराच्या दारात जायचे, खावटी आणायची आणि सुगीला ती दिढीदुपटीने फेडायची, हा फेरा कोठेतरी तोडावा, हा त्या पेढीमागचा विचार. विजेचे मनोरे पाडणारा माणूस आधी दाण्याचा हिशेब करीत होता, ही गोष्ट गुरुजींनी वर्गात अवश्य सांगावी.

आज ज्या विषयावर बोलायचे तो या खावटीपासूनच सुरू होतो. विषय असा की, दुसऱ्या मुलखातून कामाला आलेला, हाती कागद नसलेला, कोणाच्याही वहीत नाव नसलेला मजूर कोणी कामावर ठेवला, तर सरकारने धरायचे कोणाला? कामावर येणाऱ्याला, की ठेवणाऱ्याला? हा प्रश्न दूरच्या देशांत मोठ्या गाजावाजाने विचारला जातो. आपल्याकडे तो सिद्धगडाच्या पायथ्याशी दरवर्षी दसरा झाला की उभा राहतो.

कसा तो पाहा. नारिवली, जांभुर्डे या बाजूच्या वाड्यांतून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी वस्ती आहे. डोंगरउताराची जमीन, तीत नाचणी, वरई, सखल भागात थोडे भात. पीक घरात येते ते कार्तिकात, आणि आखाड-श्रावणात कणगी रिकामी होते. नेमक्या त्याच वेळी मुकादम वाडीवर येतो. तो शेठचा माणूस. चांगले बोलतो, आजाऱ्याची विचारपूस करतो, आणि नवराबायकोच्या जोडीवर बयाणा देऊन जातो. कोणी त्याला उचल म्हणतात, कोणी नुसते 'अंगावर घेतले' म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. पैसा हातात येत नाही, अंगावर येतो. दिवाळीनंतर सारे बिऱ्हाड, पोरे, कोंबड्या, मडकी घेऊन टेम्पोत बसते आणि भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्टीवर उतरते. गारा मळायचा, साच्यात विटा पाडायच्या, वाळवायच्या, रचायच्या. मजुरी हजार विटांमागे ठरलेली. पण ती हातात पडत नाही. आठवड्याला मिळते ती खर्ची, म्हणजे मीठ-मिरची आणि तांदळापुरते पैसे. हिशोब व्हायचा तो पावसाच्या तोंडाशी. त्या दिवशी वही उघडते. वही शेठची, अक्षर शेठचे. बरेचदा असे निघते की उचल अजून फिटलेली नाही. मग पुढच्या साली पुन्हा याच भट्टीवर यायचे.

या व्यवहारात तीन माणसे आहेत: उचल देणारा शेठ, ती पोचवणारा मुकादम आणि घेणारा मजूर. कायद्याची नजर या तिघांपैकी कोणावर पडली, आणि केव्हा, याचा इतिहास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्याची सुरुवात आपल्या शेजारच्याच घाटात झाली म्हटले तरी चालेल.

१८५६ नंतर बोरघाटात लोहमार्ग बांधायचे काम चालू झाले. कर्जतच्या पुढे डोंगर फोडून बोगदे, पूल आणि भराव करायचे होते. देशावरून आणि कोकणातून हजारो माणसे तेथे कामाला आली. ऐन भरात त्यांची संख्या चाळीस हजारांवर गेली होती. मूळ ठेका फॅव्हियल नावाच्या इंग्रज ठेकेदाराचा, त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम. मजुरी वेळेवर मिळेना, मिळाली तर पुरी मिळेना. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा धीर सुटला आणि त्यांनी गोऱ्या देखरेख करणाऱ्यांवर हल्ला केला. पुढे फॅव्हियलने ठेका सोडला. तो ट्रेडवेल यांनी घेतला, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी माणसे नेमून ते काम तडीस नेले. घाट १८६३ मध्ये खुला झाला. शहापूर तालुक्याच्या वरच्या अंगाचा थळघाट, म्हणजे आपला कसाऱ्याचा घाट, १८६५ साली झाला. मुंबईची भरभराट या दोन घाटांनी झाली असे आपण शिकवतो. ते खरेच आहे.

पण त्याच १८५९ साली कलकत्त्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून सरकारने एक कायदा केला. मजुरांच्या करारभंगाचा तो कायदा, त्या सालचा तेरावा. कारागिराने वा मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेटने मजुराला सांगावे, पैसे परत कर नाहीतर काम पुरे कर. त्याने ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आता यातली मेख लक्षात घ्या. पैशाच्या देण्याघेण्याचा तंटा एरवी दिवाणी कोर्टात जातो. सावकाराने व्यापाऱ्याला दिलेले पैसे बुडाले तर व्यापारी तुरुंगात जात नाही. परंतु मजुराने घेतलेली उचल मात्र फौजदारी झाली. उचल देणाऱ्याने खोटा हिशोब केला, मजुरी थकवली, उपाशी ठेवले, तर त्याला या कायद्यात शिक्षा नव्हती. कायदा आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांपुरता होता; प्रांतिक सरकारांना तो इतरत्र लावण्याची मुभा होती, आणि आसामच्या चहामळ्यांवर त्याचा फार वापर झाला. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे आणि कालव्यांसारख्या कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत असा दुसरा कायदा आला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु गारा तुडवणाऱ्या माणसाने मॅजिस्ट्रेटपर्यंत पोचायचे कसे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसते. १८५९ चा कायदा रद्द करणारा कायदा व्हायला १९२५ साल उजाडले. म्हणजे सहासष्ट वर्षे.

हीच तऱ्हा समुद्रापलीकडेही होती. मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदी मजूर नेले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात. तेथे एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. करार संपलेल्या मजुराने मळ्याबाहेर फिरायचे तर १८६७ च्या कायद्याप्रमाणे जवळ फोटो लावलेला परवाना बाळगायचा. परवाना नसला की पोलीस उचलणार. कागद नसलेला परका मजूर, हा गुन्हेगार तेथे असा कायद्यानेच तयार केला. १८७१ मध्ये प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज केला, तेव्हा कोठे विलायतेहून चौकशी आयोग आला. मळेवाल्यांनी या प्लेव्हिट्झला अतिशय छळले. मालकाच्या पंक्तीतला माणूस मजुराची बाजू घेतो तेव्हा पंक्ती त्याला सोडत नाही, ही रीत सगळीकडे एकच.

सिद्धगडाकडे परत येऊ. कातकऱ्यांना कातकरी म्हणतात ते खैराच्या लाकडापासून कात काढीत म्हणून. १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव होऊ लागले आणि कुऱ्हाड लावणे हा अपराध झाला. ज्याचा धंदा गेला तो माणूस मग कोठे जाणार? काही कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, काही जंगल-ठेकेदाराच्या कुपावर, काही खोत-जमीनदाराच्या बांधावर. पूर्वी रानाचा मालक नसला तरी निदान स्वतःच्या हातांचा मालक होता, तो आता दुसऱ्याच्या उचलीवर जगू लागला. उचलीचा हा उगम विसरला की मग शहरातले शहाणे लोक म्हणतात, 'हे लोक घेतातच कशाला पैसे? लग्नात उडवतात.' लग्नाचीही गोष्ट आता सांगतो.

ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' नावाचा एक प्रकार होता. गरीब आदिवासी मुलाच्या लग्नासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम काढायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. ती फिटत नसे. गड्याबरोबर त्याची बायकोही राबे. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासी भागाची पाहणी केली. १९३९ मध्ये छापलेल्या त्याच्या अहवालात या लग्नगड्यांची अवस्था नोंदलेली आहे. ज्या भागाला तेव्हा 'अंशतः वगळलेले क्षेत्र' म्हणत, त्याची ही पाहणी. आणि त्या क्षेत्रात डहाणू, उंबरगाव, मोखाडा यांच्याबरोबर आपला शहापूर तालुकाही होता. मुरबाड नव्हता. डोंगर तोच, माणसे तीच, पण सरकारी यादीची रेघ मध्येच पडली. अशा रेघा पुढेही भेटतील.

अहवालानंतर काही हालचाल झाली. १९४० साली बाळासाहेब खेर यांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली. परंतु मालकाच्या अंगाला हात लागला तो संघटनेने. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगावचे थोडे वारली आले होते. मे महिन्यात झरी गावी मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, शेतकामाला रोज बारा आणे घेतल्याशिवाय राबायचे नाही, असे ठरले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पाचजण ठार झाले. गोदाताईंनी ही हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात पुढे लिहिली. त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो, लग्नगड्याची पद्धत उंबरगाव-डहाणूत मोडली ती त्या दोन वर्षांत, हे मान्य केले पाहिजे.

सरकारनेही एक चांगली गोष्ट केली. मधला ठेकेदारच काढून टाकावा म्हणून स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या आणि कूप तोडण्याचे काम लिलावाऐवजी त्यांच्याकडे येऊ लागले. मालकाला दंड करण्यापेक्षा मजुरालाच ठेकेदार करावे, असा तो उपाय. जेथे कार्यकर्ता सचोटीचा भेटला तेथे संस्था चांगल्या चालल्या. पुढे जंगलतोड कमी झाली, आणि कूपही. कुळकायद्याने १९५७ च्या १ एप्रिलपासून कूळ जमिनीचे मालक होऊ लागले. पण ज्याचे नाव कूळ म्हणूनही सातबारावर नव्हते त्या गड्याला कसली जमीन? मुंबई वाढत गेली, इमारतींना विटा लागू लागल्या. जमीनदाराच्या ओटीवरची उचल भट्टीच्या ओटीवर गेली.

आता कायदा कसा उलटला ते पाहू. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार आणि सक्तीची मजुरी मना केलीच होती. परंतु कलम एक आणि अंमल दुसरा. २५ ऑक्टोबर १९७५ पासून आधी वटहुकुमाने आणि मग १९७६ च्या कायद्याने वेठबिगार पद्धत रद्द झाली. हा कायदा १८५९ च्या शेजारी ठेवून वाचावा, म्हणजे दोन काळांतले अंतर दिसते. त्या वेळी उचल घेऊन पळालेला मजूर तुरुंगात जात होता. या कायद्याप्रमाणे वेठबिगारीचे कर्ज नाहीसेच होते. ते फेडण्याची जबाबदारी मजुरावर राहत नाही. वेठ घेणाऱ्याला, अशी उचल देणाऱ्यालासुद्धा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट पंधराव्या कलमात आहे. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, असे शाबीत करण्याचा भार धनकोवर आहे. मजुराने कागद दाखवायचा नाही, शेठने दाखवायचा. कागद नसणे ही इतकी वर्षे मजुराची लंगडी बाजू होती, ती या एका कलमाने शेठची झाली. ज्या वहीत सारे काही शेठच्या अक्षरात आहे, ती आता शेठनेच उघडून दाखवायची.

हे कलम वाचून मला फार बरे वाटते, आणि मग अंमलबजावणी आठवते. हा गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे. तपास करायचा तो जिल्हादंडाधिकारी आणि प्रांत यांनी. त्यांना दुसरी शंभर कामे. म्हणून हा कायदा आपल्या जिल्ह्यात चालला तोही लोकांनी ढकलला तेव्हाच. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी केली आणि एकेका वेठबिगाराला नावानिशी पुढे आणून त्याच्या मुक्तीचा दाखला मागायला सुरुवात केली. दोघांवर हल्ले झाले, खटले झाले. १९९९ मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्यांचा गौरव केला. मुंबईपासून दोन तासांच्या वाटेवर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, गुलामगिरीविरोधी पारितोषिक मिळावे असे काम शिल्लक होते, यात जिल्ह्याने अभिमान मानावा की लाज, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दिल्लीला सर्वोच्च न्यायालयानेही दोन मोठे निकाल दिले. १९८२ मध्ये, एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे सक्तीचीच मजुरी, असे न्यायालयाने सांगितले. पोटाची सक्ती हीसुद्धा सक्तीच, हे तत्त्व त्यात आले. डिसेंबर १९८३ मध्ये फरीदाबादच्या दगडखाणींवरील मजुरांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: मजुराकडून सक्तीने काम घेतले जात आहे एवढे दिसले, तर ते उचलीपोटीच आहे असे धरून चालावे. त्या खाणींवरचे मजूर दुसऱ्या राज्यांतून आलेले होते. परमुलखात ना गाव पाठीशी, ना पाटील ओळखीचा. माणूस घरापासून जितका दूर, तितकी शेठची वही जड.

या दूरपणासाठी एक वेगळा कायदा होता. ओरिसातून मुकादम माणसे दूर नेत आणि वाऱ्यावर सोडत, अशा तक्रारींवरून १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. पाच किंवा अधिक परराज्यातले मजूर ठेवायचे तर मालकाने नोंदणी करायची, मुकादमाने परवाना काढायचा, प्रत्येक मजुराला फोटोसह नोंदपुस्तक द्यायचे, घर सोडल्याबद्दल भत्ता, जाण्यायेण्याचे भाडे, राहायला जागा, औषधपाणी. मुकादमाने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरायची. 'मी मुकादमाला पैसे दिले होते' ही सबब चालायची नाही. कागद नसलेला मजूर ठेवला तर दोष मजुराचा नव्हे, ठेवणाऱ्याचा, असा हा सरळ हिशेब होता.

पण येथेच ती रेघ पुन्हा आडवी येते. सिद्धगडवाडीचा ठाकूर उमरगाव ओलांडून गुजरातेत वलसाडच्या भट्टीवर गेला, तर तो या कायद्यात बसला असता. भिवंडीच्या भट्टीवर गेला, तर नाही. का, तर राज्य बदलले नाही. घर सोडले, शाळेतली पोरे सोडली, सहा महिने प्लास्टिकच्या खोपीत काढले, तरी कायद्याच्या भाषेत तो 'स्थलांतरित' झालाच नाही. २०२० मध्ये संसदेने कामाच्या जागेची सुरक्षा, आरोग्य आणि परिस्थिती यांविषयीची संहिता मंजूर केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि १९७९ चा कायदा तीत विरघळला. मुकादमाशिवाय आपल्या पायांनी गेलेला मजूरही आता व्याख्येत आला, ही सुधारणाच. परंतु पाचाऐवजी दहा मजुरांची अट आली, आणि राज्याची रेघ तशीच राहिली.

अशा रेघा आणि अशा सबबी आपल्याकडेच आहेत असे नव्हे. अमेरिकेत मेक्सिकोहून येणाऱ्या शेतमजुरांची मोठी वहिवाट आहे. १९४२ ते १९६४ पर्यंत तेथील सरकार करार करून मजूर आणवीत होते, आणि त्याच वेळी परवान्याशिवाय येणारेही तितक्याच मोठ्या संख्येने येत होते. १९५२ मध्ये तेथे कायदा झाला की, बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे गुन्हा. मात्र टेक्सासच्या मळेवाल्यांच्या सोयीसाठी त्यात एक वाक्य घातले: कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे. म्हणजे रात्री भाकरी देणारा गुन्हेगार आणि दिवसभर राबवून घेणारा निर्दोष! ही पळवाट चौतीस वर्षे टिकली. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांच्या सहीने नवा कायदा आला; पूर्वीपासून राहणाऱ्या सुमारे सत्तावीस लाख लोकांना त्याने रीतसर केले आणि परवाना नसलेल्याला 'जाणूनबुजून' कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड सांगितला. सारी गोम त्या 'जाणूनबुजून' शब्दात होती. मालकाने कागद पाहायचे. ते दिसायला खरे वाटले म्हणजे झाले. मग खोट्या कागदांचा धंदा निघाला, आणि मळेवाल्यांनी मजूर पुरवणारे ठेकेदार मध्ये घातले. मजूर कोणाचा? ठेकेदाराचा. मला काय ठाऊक? भिवंडीचा शेठ इंग्रजी शिकला असता तर त्याने हेच उत्तर दिले असते. आपल्याकडे परदेशी माणसासाठी १९४६ चा परकीय नागरिक कायदा दीर्घकाळ होता. त्याचाही मुख्य रोख मुक्काम करणाऱ्यावर होता, राबवून घेणाऱ्यावर फारसा नव्हता. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला.

तात्पर्य काढण्यापेक्षा आपल्या तालुक्यात काय करता येते ते सांगणे बरे. शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर ज्या मुलांपुढे सलग गैरहजेरी लागते, ती मुले कोठे गेली हे गुरुजींना ठाऊक असते. गावात मुकादम कोण येतो हे सरपंचाला ठाऊक असते. १९७६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक उपविभागात एक दक्षता समिती असावी लागते. प्रांत तिचे अध्यक्ष, तीन सभासद त्या उपविभागात राहणारे, अनुसूचित जाती-जमातींचे, दोन समाजकार्यकर्ते. वेठबिगारीची खबर या समितीला किंवा प्रांतांना कोणीही देऊ शकतो. मजुरानेच यावे असे नाही. खटला कार्यकारी दंडाधिकारीही चालवू शकतो, तोही संक्षिप्त रीतीने. मुक्तीचा दाखला मिळाला की पुनर्वसनाची मदत मिळते. १९७८ मध्ये ती चार हजार रुपये होती, २०१६ पासून प्रौढ पुरुषाला एक लाख आणि स्त्रिया व मुलांना त्याहून अधिक ठरली. मात्र त्यातला तातडीचा भाग सोडला तर उरलेली रक्कम मालकावर गुन्हा शाबीत होण्याशी जोडून ठेवली. खटला लांबला की मदतही लांबते, आणि मधल्या पावसाळ्यात मुकादम पुन्हा दारात येतो.

२०२२ साली इगतपुरीकडच्या आणि आपल्या बाजूच्या कातकरी वाड्यांतली लहान मुले थोड्या पैशांवर मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघडकीस आले आणि गुन्हे नोंदले गेले. उचल भट्टीपुरती राहिलेली नाही.

अर्ज करणाऱ्याने एक मात्र ध्यानात ठेवावे. मुरबाड तालुका कल्याणच्या प्रांतांकडे आहे आणि शहापूर भिवंडीच्या. वेठ जेथे घेतली जाते तेथल्या प्रांतांनी मुक्ती द्यायची असते. म्हणून सिद्धगडच्या पायथ्याचा माणूस भिवंडीच्या भट्टीवर अडकला, तर अर्ज कल्याणला न देता भिवंडीला द्यावा, आणि त्याची एक प्रत ठाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. अर्जात भट्टीचे ठिकाण, शेठचे व मुकादमाचे नाव, उचलीची रक्कम, कोणत्या महिन्यापासून काम चालू आहे आणि बिऱ्हाडात माणसे किती, एवढे लिहिले तरी पुरते. उचलीचा कागद जोडायची गरज नाही.